दाताचा ओतारी

आमच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा दोन-तीन स्नेह्यांनी रस्त्यात गाठून विचारले, "अहो, युनियनचे काम सोडून दातांच्या डॉक्टरकीत कधी शिरलात?" शंका रास्त होती. आम्ही दंतवैद्य नव्हे, आणि धातुशास्त्राची पदवीही आमच्यापाशी नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या चाळींत. परंतु १९८७ साली आम्ही कोल्हापुरात एका फौंड्रीत मोल्डरच्या हाताखाली लागलो, आणि वाळू, साचा, लोखंडाचा रस व त्या सर्वांतून उठणारी धूळ ही चार मंडळी तेव्हापासून आमच्या चांगल्या ओळखीची आहेत. काही वर्षांपूर्वी आमची एक दाढ किडली, तिच्यावर कॅप बसवावी लागली. ही कॅप कोठे तयार होते हे पाहावे म्हणून गेलो, तर तेथे हीच चार मंडळी पुन्हा भेटली. फौंड्रीत आम्ही पंपाच्या चाळीस-चाळीस किलोच्या बॉड्या ओतत होतो. येथे दोन-तीन ग्रॅमचा दात ओतला जात होता, एवढाच काय तो फरक. पण त्या दोन-तीन ग्रॅमांना जी अचूकता लागते तिच्यापुढे आमची पंपाची बॉडी म्हणजे पोरखेळ होता, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

धातूच्या बाजूने पाहिले तर माणसाचे तोंड ही मोठी वाईट जागा आहे. तेथे रात्रंदिवस ओल, लाळेत क्षार, चिंच, लिंबू, कोकम यांची आंबटाई वरचेवर येऊन जावयाची, एका घटकेस कढत चहा, दुसऱ्या घटकेस बर्फाचा गोळा. दाढांमध्ये पन्नास-साठ किलोपर्यंत दाब येऊ शकतो, आणि तोही दाढेच्या एखाद्या लहानशा उंचवट्यावर. साधे लोखंड येथे गंजून जाईल, तांबे काळेहिरवे पडेल. शुद्ध सोन्याला मात्र यातले काहीच बाधत नाही. पण ते इतके मऊ की चावताचावता दबून पसरेल. म्हणजे जो धातू गंजत नाही तो दाबाला टिकत नाही, आणि जो दाबाला टिकतो तो गंजतो. दातांसाठी वापरलेल्या मिश्रधातूंचा सारा इतिहास या पेचातून काढलेल्या वाटांचा आहे. त्यात आणखी एक गंमत. दोन निराळे धातू तोंडात एकमेकांस लागले तर लाळ मध्ये असल्यामुळे विजेचा एक छोटासा घटच तयार होतो. ज्यांनी दातात चांदी भरून घेतली आहे आणि चुकून चॉकलेटवरचा चंदेरी कागद चावला आहे, त्यांना ही वीज कशी लागते हे आम्ही सांगावयास नको.

चांदीचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज येथेच दूर करू. 'दातात चांदी भरली' असे आपण म्हणतो, पण ती निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथील आणि तांबे यांची भुकटी पाऱ्यात खलून ती केलेली असते, आणि तिच्यात जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. पाऱ्याच्या वापरावर बंधन घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला. तेव्हापासून ही चांदी मागे पडत चालली आहे, आणि युरोपीय संघाने तर २०२५ च्या आरंभापासून तिला थोडे अपवाद सोडून मनाई केली आहे. ती दातातच बसवतात आणि दातातच घट्ट होते. तिला भट्टी लागत नाही, साचाही लागत नाही. आमचा विषय ओतकामाचा आहे, म्हणून तिला येथेच निरोप देतो.

ओतकामात पहिला मान सोन्याचा. दाढेवरील कॅपसाठी जे सोने वापरीत आले ते साधारणतः आपल्या १८ कॅरटच्या बरोबरीचे, म्हणजे शंभरात ७५ भाग सोने. उरलेल्या २५ भागांत तांबे, चांदी, थोडे पॅलाडियम आणि अगदी चिमूटभर जस्त. यातला एकही घटक उगाच घातलेला नाही. तांब्याने सोने कठीण होते, पण लालसर पडते; चांदी ती लाली मारते. पॅलाडियम हा प्लॅटिनमचा भाऊबंद. तो मिश्रणाला बळकटी देतो आणि काळे पडू देत नाही. जस्त रसातला प्राणवायू स्वतःवर ओढून घेते, त्यामुळे ओतीव तुकड्यात पोकळ्या कमी राहतात. पाऊण हिस्सा सोने ठेवावयाचे ते श्रीमंतीसाठी नव्हे. त्याच्या बरेच खाली गेले तर तांबे आणि चांदी लाळेपुढे उघडी पडतात आणि कॅप काळवंडते.

या सोन्याची एक खोड आम्हां लोखंडवाल्यांना चकित करणारी आहे. पोलाद लाल करून पाण्यात विझवले की ते कडक होते, हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक असते. सोने-तांब्याचे हे मिश्रण तापवून पाण्यात टाकले तर उलट मऊ पडते! सावकाश निवू दिले, किंवा पुन्हा साडेतीनशे अंशांच्या आसपास काही वेळ धरून ठेवले, तर सोन्याचे व तांब्याचे अणू ठरावीक ओळींनी बसतात आणि मिश्रण कडक होते. पाण्यात टाकल्यामुळे त्यांना ओळीत बसण्यास सवडच मिळत नाही. म्हणून कारागीर आधी मऊ स्थितीत कॅपच्या कडा नीट करून घेतो आणि मग हवी तर तिला कडक करतो.

आता ती ओततात कशी ते पाहू. १९०७ पूर्वी सोन्याची कॅप म्हणजे पत्र्याची वाटी. ठोकून, वाकवून, डाक देऊन केलेली. त्या वर्षी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी न्यूयॉर्कमधील दंतवैद्यांच्या एका मंडळापुढे नवीच रीत मांडली. दाताच्या खळग्यात बसेल असा मेणाचा तुकडा घडवावयाचा, त्याभोवती साचा भरावयाचा, साचा तापवून मेण जाळून टाकावयाचे आणि त्या पोकळीत दाबाने सोने ओतावयाचे. टॅगर्ट यांनी या रीतीचे पेटंट घेतले आणि त्यापायी दंतवैद्यांशी कोर्टकचेऱ्याही केल्या. पण आयोवा राज्यातील फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याने १८९७ मध्येच अशी रीत आपल्या सभेत सांगितली होती, असे निघाले.

आपल्याकडील कोणी म्हणेल, फिलब्रुक आणि टॅगर्ट यांची कथा कशाला, ही तर आमची जुनी विद्या. ते खोटे नाही. मोहेंजोदडोची ती कमरेवर हात ठेवून उभी असलेली ब्राँझची मुलगी मेणाच्याच रीतीने ओतलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचे लेप देण्याची आणि मेण काढून धातू ओतण्याची कृती आहे. इतकेच नव्हे, तर मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा याचे प्रमाणही दिलेले आहे. सोन्यासाठी ते सोळापट आहे. आम्ही डेंटल लॅबमध्ये गेलो तेव्हा तेथील कारागीर मेणाचा दात काट्यावर टाकून पंधरा-सोळाने गुणीत होता, कारण मेण पाण्याहून किंचित हलके आणि हे मिश्र सोने पाण्याच्या साडेपंधरा पटींच्या आसपास जड. त्याने मानसोल्लासाचे नावही ऐकलेले नव्हते. धातू आणि मेण यांचे नाते नऊशे वर्षांत बदलले नाही, म्हणून हिशेबही बदलला नाही.

पण म्हणून आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणून टाळ्या घेणाऱ्यांत आम्ही नाही. मूर्तिकाराला जो प्रश्न कधी पडलाच नाही तोच दाताच्या ओताऱ्यापुढे उभा राहिला. धातूचा रस थिजताना आणि निवताना आकसतो. देवाची मूर्ती बोटभर आकसली तर देव काही रागावत नाही. दाताची कॅप आकसली तर ती दातावर चढतच नाही.

या आकसण्याचा हिशेब जरा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण सारी विद्या त्यात आहे. फौंड्रीत लाकडी पॅटर्न करणारा सुतार आपली पट्टीच वेगळी वापरतो; बिडाच्या कामासाठी तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाचा आठवा हिस्सा मोठा असतो. म्हणजे आकसण्याची सूट पॅटर्नमध्येच देऊन टाकली. दाताच्या कामात ही युक्ती चालत नाही. मेणाची कॅप घडवावयाची ती रुग्णाच्या दाताच्या हुबेहूब प्रतिकृतीवर. मेण त्या प्रतिकृतीला चिकटूनच बसले पाहिजे, ते मोठे करणार कसे? आणि कॅपचे मिश्र सोने आकसते शेकडा सुमारे दीड टक्का. दाढेची रुंदी दहा मिलिमीटर धरली तर कॅप जवळजवळ ०.१५ मिलिमीटरने लहान येणार. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दोन केसांचा फरक. तुम्ही म्हणाल, दोन केसांनी काय बिघडते? कॅप वरच अडकते, कडेला फट राहते, फटीत अन्न शिरते आणि आतला दात कॅपच्या आड निवांतपणे किडत राहतो.

पॅटर्न मोठा करता येत नाही. मग मोठे काय करावयाचे? तर साचा. मेण जळून गेल्यावर उरलेली पोकळीच जर दीड टक्का फुगवता आली, तर आत आलेले सोने दीड टक्का आकसून बरोबर मापावर येईल. हे वाचले तेव्हा आम्हांला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. आमच्या फौंड्रीत साचा फुगला म्हणजे माल बाद. येथे साच्याने फुगावे म्हणून विद्वान माणसांनी वर्षेच्या वर्षे खर्ची घातली! अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने १९२८ पासून आपली माणसे संशोधनाला बसवली. आकसण्याची आणि फुगण्याची काटेकोर मापे तेथून पुढे येऊ लागली.

सोन्यासाठी साच्याची पूड होते प्लास्टर आणि सिलिका मिळून. सिलिका म्हणजे आपली गारगोटी, आपली वाळू. प्लास्टर पाण्यात कालवून घट्ट होताना थोडेसे फुगते. घट्ट होत असतानाच वरून आणखी पाणी मिळाले तर अधिक फुगते. पण खरे काम सिलिकेचे. गारगोटी तापवीत नेली की ५७३ अंशांवर तिच्या आतली रचना एकाएकी पालटते आणि ती पसरते. सिलिकेचाच क्रिस्टोबलाइट नावाचा दुसरा अवतार आहे. तो २०० ते २७० अंशांच्या दरम्यानच पसरून मोकळा होतो. या दोहोंचे प्रमाण आणि भट्टीचा वेग जुळवला की हवे तितके फुगणे पदरात पडते. साचा तापवावयाचा तो सावकाश. घाई केली तर आतबाहेर सारखे न फुगल्याने तडे जातात. आणि ७०० अंशांच्या वर न्यावयाचा नाही, कारण त्यापुढे प्लास्टरमधून गंधकाचा वायू सुटतो आणि सोने ठिसूळ होते.

कारागिराने आम्हांला जी कॅप ओतून दाखवली ती अशी. दाताचे माप, त्यावरून दगडी प्लास्टरचा दात, त्या दातावर निळे मेण तापल्या सुरीने थेंबथेंब चढवून घडवलेली दाढ. मेणाच्या त्या दाढेला सर्वांत जाड भागावर मेणाचीच एक काडी चिकटवली. रस येथूनच आत येणार. (फौंड्रीतही गेट जाड अंगालाच देतात, बारीक अंगाला दिला तर तो आधी थिजून वाट बंद करतो.) मग ते सारे एका पोलादी कड्यात उभे केले. कड्याला आतून ओल्या कागदासारखे अस्तर, कारण पोलाद साच्याला फुगू देत नाही, अस्तर दबून जागा करून देते. हे अस्तर कित्येक दशके अॅस्बेस्टॉसचे असे. आता ते दुसऱ्या तंतूंचे करतात. मग पूड कालवून, हवा काढून टाकून, अलगद ओतली. मेणावर एक बुडबुडा राहिला तर सोन्यावर एक दाणा उठतो, आणि तो दाणा कॅपच्या आत आला तर सगळी मेहनत वाया.

घटकाभराने कडे भट्टीत गेले. दीड-दोन तासांनी ते मंद लाल झाले तेव्हा कारागिराने मुशीत सोने ठेवले, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि टॉर्चची ज्योत धरली. ज्योतीचा कोणता भाग धातूवर धरावा यातही कसब आहे. आतल्या निळ्या सुळक्याच्या लगेच पुढचा भाग प्राणवायू शोषणारा, तो धरला तर सोने आरशासारखे चकाकते, बाहेरचा धरला तर त्यावर साय येते. सोने वितळून गोळी थरथरू लागली तशी त्याने यंत्राची कळ सोडली. हे यंत्र म्हणजे आपली शेतावरची गोफण. स्प्रिंगला पीळ दिलेला एक दांडा गरगर फिरतो, टोकाला साचा, त्याच्या अलीकडे मूस. फिरण्याच्या जोराने रस साच्यात फेकला जातो. दोन-तीन ग्रॅम रसाला स्वतःचे वजन ते काय? तो आपल्या भाराने त्या बारीक वाटेने आत शिरणारच नाही, म्हणून ही गोफण. डोळ्याचे पाते लवेपर्यंत काम झाले. कड्याची लाली मावळल्यावर त्याने ते पाण्यात सोडले. फस्स असा आवाज झाला, प्लास्टरचा साचा भाजीसारखा शिजून विरघळून गेला आणि आतून एका काडीच्या टोकाला लागलेली काळपट दाढ निघाली. आम्लात घातल्यावर ती पिवळी झाली.

येथपर्यंतची गोष्ट ऐकावयास गोड आहे. आता पुढची.

लोकांना पिवळा दात नको झाला, पांढरा हवा झाला. पांढरी चिनी माती धातूवर भाजून बसवण्याची रीत १९६२ मध्ये अमेरिकेत पेटंट झाली. चिनी माती ९५० अंशांच्या आसपास भाजावयाची, तर तिच्याखालचा धातू त्या आचेवर वितळता कामा नये. म्हणून सोन्यात प्लॅटिनम आणि पॅलाडियम वाढवावे लागले, आणि रस करण्याची आच चढली. मग आला भावाचा प्रश्न. १९७१ च्या ऑगस्टपर्यंत अमेरिकेचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. त्या महिन्यात डॉलर आणि सोने यांची गाठ सुटली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८०० डॉलरच्या वर गेला. जगभरच्या लॅबनी स्वस्त धातूंकडे धाव घेतली. जपानमध्ये सार्वजनिक आरोग्यविम्यातून जी कॅप देत आले तिच्या मिश्रणात सोने शेकडा १२ आणि पॅलाडियम २०, बाकी बहुतेक चांदी आणि तांबे. इतरत्र निकेल-क्रोमियम पसरले. आपल्याकडे दंतवैद्य नुसते 'मेटल' म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच असते.

कोबाल्ट-क्रोमियम त्याहून जुने. काढघालीच्या कवळीच्या सांगाड्यासाठी ते १९३० च्या दशकापासून रूढ झाले. सुमारे ६० भाग कोबाल्ट, २५ ते ३० भाग क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम. यातला एकही धातू सोन्यासारखा कुलीन नाही. पण क्रोमियमवर हवेत ताबडतोब एक अतिशय पातळ, अभंग पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. स्टेनलेस स्टीलच्या आपल्या ताटवाट्या याच पापुद्र्यावर टिकून आहेत. निकेलचा दोष एवढाच की काहींच्या अंगाला ते सोसत नाही. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी कॅप बसवण्यापूर्वी हे डॉक्टरांना सांगावे.

रुग्णाच्या दृष्टीने हा सौदा वाईट झाला असे आम्ही म्हणत नाही. सोन्याच्या भावात ज्याला कॅप मिळाली नसती त्याला ती मिळू लागली, आणि आमच्याही तोंडात हाच धातू आहे. पण हिशेबाची दुसरी बाजू भट्टीपाशी आहे. हे धातू १३०० ते १४०० अंशांवर वितळतात आणि सोन्यापेक्षा अधिक, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आकसतात. तेथे प्लास्टरचा साचा टिकत नाही. मॅग्नेशिया, फॉस्फेट आणि अधिक सिलिका यांचा साचा लागतो. हा साचा पाण्यात विरघळत नाही. तो हातोडीने फोडावा लागतो, आणि उरलेला भाग दाबाच्या हवेने कण मारून उडवावा लागतो. शिवाय धातू इतका कठीण की घासण्यास सोन्याच्या कित्येक पट वेळ. म्हणजे धातू स्वस्त झाला आणि धूळ वाढली. ज्या सिलिकेच्या फुगण्यावर कॅप मापात येते, तीच सिलिका बारीक होऊन कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. क्रिस्टोबलाइट तर यात गारगोटीचा थोरला भाऊ समजला जात असे. अमेरिकेत पूर्वी त्याची मर्यादा गारगोटीच्या निम्मी होती, पुढे २०१६ मध्ये सर्वच स्फटिकी सिलिकेसाठी घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ही एकच मर्यादा ठरली. दगडखाणीत आणि फौंड्रीत ज्याला सिलिकोसिस म्हणतात, त्याचे नऊ रोगी १९९४ ते २००० या काळात अमेरिकेच्या पाच राज्यांत दंतकारागिरांत सापडले, असे तेथील सरकारी आरोग्य खात्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. फौंड्रीतला आमचा शेजारी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबे, तो याच दुखण्याने.

त्याहून कपटी वस्तू बेरिलियम. निकेल-क्रोमियममध्ये वजनाने दोन टक्क्यांपर्यंत बेरिलियम घातले की रस लवकर होतो, पातळ वाहतो, कडा तीक्ष्ण येतात आणि चिनी माती घट्ट धरते. कारागिरालाही तो धातू आवडे. दोन टक्के ऐकावयास किरकोळ वाटते. पण बेरिलियमचा अणू इतका हलका की अणूंची मोजदाद केली तर शंभरात दहाहून अधिक अणू त्याचेच निघतात. रुग्णाच्या तोंडात ती कॅप बहुधा निमूटपणे बसते. घासताना उडालेली भुकटी मात्र काहींच्या फुप्फुसात असा दाह सुरू करते की तो काम सोडल्यानंतरही थांबत नाही. १९९३ मध्ये कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने बेरिलियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले. अमेरिकेने २०१७ मध्ये त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली. दंतधातूंच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ०.०२ टक्क्याहून अधिक बेरिलियम असलेला धातू आता चालत नाही. बेरिलियम नसलेले मिश्रण बाजारात मिळते. प्रश्न डब्यावर काय लिहिले आहे याचा, आणि डब्याशिवाय सुटा घेतलेला धातू काय आहे याचा.

हे सारे डोक्यात घेऊन आम्ही त्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा गेलो. जिन्याखालची दहा बाय बारा फुटांची खोली, चार माणसे, एक खिडकी, तीही पोर्सेलीनवर धूळ बसू नये म्हणून बंद. आम्ही संघटनेच्या सवयीने विचारले, मालक कोण? टेबलावर घासत असलेला पन्नाशीचा माणूस तोंडावरचा रुमाल खाली करून म्हणाला, "मीच की अण्णा. मोर्चा कुणावर काढणार?" आम्ही खजील झालो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि बेरिलियमची बाधा ही दोन्ही नावे होती. पण विजेवर चालणाऱ्या कामात किमान दहा माणसे असतील तर कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. चार माणसांची लॅब पूर्वीही त्यात बसत नव्हती, आता तर अधिकच दूर गेली. दंतवैद्यांच्या १९४८ च्या कायद्यात 'डेंटल मेकॅनिक' म्हणून या कारागिरांच्या नोंदणीची सोय केली गेली. पण नोंदणी म्हणजे हवा स्वच्छ करणे नव्हे.

बोलता बोलता त्याने टेबलाच्या पुढच्या कडेखालचा एक खण ओढून दाखवला. आत कातडे अंथरलेले. त्याच्या गुरूच्या काळचे ते टेबल होते. सोने घासताना उडालेला कण न् कण या खणात पडावा म्हणून तो केलेला. महिनाअखेर कातडे झाडून ती धूळ विकावयाची. सराफकट्ट्यावरची केरमाती धुऊन सोने काढणारे झारेकरी आपण ऐकून आहोत, त्यातलाच हा प्रकार. सोन्याच्या धुळीला भाव होता, म्हणून ती पकडण्याची तजवीज टेबल करतानाच झाली होती. निकेलच्या धुळीला भाव नाही. म्हणून तो खण त्याने बिलबुके ठेवण्यासाठी वापरावयास काढला, आणि धूळ जेथे जावयाची तेथे जाऊ लागली.

आता ओतकाम हळूहळू मागे पडत आहे. कोबाल्ट-क्रोमियमची भुकटी लेसरच्या किरणाने थरावर थर वितळवून सांगाडे तयार होतात, झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून यंत्र दात कोरून काढते. अशा यंत्रांना धूळ ओढून घेणारी नळी जोडलेलीच असते, कारण धूळ साचली तर यंत्राची धुरी बिघडते. पण यंत्रातून निघालेला दात शेवटी टेबलावरच येतो, आणि शेवटचा हात माणूसच फिरवतो.

मोर्चा कोणावर काढावयाचा हे आम्हांला अजून सुचलेले नाही. त्या लॅबमध्ये मात्र तीन गोष्टी झाल्या. धातू डब्यासकट आणि घटकांच्या कागदासकट घ्यावयाचा ठरले. साचा फोडण्यापूर्वी बादलीत भिजत टाकावयाचा ठरले. भिजला तर तो विरघळत नाही, पण उडतही नाही. आणि बिलबुके कपाटात गेली. टेबलाच्या त्या जुन्या खणाला मागून भोक पाडून एक जाड नळी जोडली, नळीच्या टोकाला बारीक गाळणीचे ओढयंत्र. घरातला साधा झाडण्याचा पंप चालत नाही, कारण तो बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. खर्च मालकाने आणि तिघा कारागिरांनी मिळून केला. आम्ही गेल्या महिन्यात गेलो तेव्हा खण उघडून पाहिला. तळाशी राखेसारखी करडी भुकटी बोटभर साचली होती.